छपाईआधी जाणकारांकडून पुस्तक कसं वाचून घ्यावं: कामाच्या जागच्या बोलण्यावर पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

मी बावीस वर्षं एका कंपनीत प्रशिक्षणाचं काम केलं आणि मग पहिलं पुस्तक लिहायला घेतलं. त्याचा पहिला खर्डा मी अकरा जणांना दिला. सात नातेवाईक, दोन जुने सहकारी, एक शेजारी आणि एक वाचनालयात भेटणारे काका. पुस्तक कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कसं बोलतात यावर होतं: चूक दाखवताना, पगारवाढ मागताना, सुट्टी नाकारताना, राजीनामा देताना. महिन्याभरात नऊ जणांनी वाचलं आणि नऊही जणांनी 'छान झालंय, ओघवतं आहे' असं कळवलं. वहिनीने तर दोनदा कळवलं. मी प्रकाशकाकडे पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात काकांनी एक पान दुमडून खर्डा परत आणला.

काका तीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते, हे मला त्या दिवशी कळलं. दुमडलेल्या पानावर माझा सुपरवायझर एका कामगाराला केबिनमध्ये बोलावतो, दार लावून घेतो आणि शांतपणे त्याची चूक समजावतो. काका म्हणाले, "दार लावलंत तिथेच संपलं. युनियनच्या कारखान्यात दार लागलं की पाच मिनिटांत बाहेर बातमी. आतला माणूस तुमचं ऐकतच नाही, बाहेर गेल्यावर काय सांगायचं ते जुळवत असतो."

बाकीच्या नऊ जणांना ते पान विशेष आवडलं होतं. अकराव्याने खर्डा अजून उघडलेला नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष मी ठाणे आणि नवी मुंबईत असे काका शोधत फिरले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. पुस्तक वेगळ्या विषयावरचं असलं तरी यातलं बरंचसं चालेल. पण बोलण्यावरच्या पुस्तकाची एक खोड असते. बोलतो सगळेच, त्यामुळे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपण जाणकार आहोत असं वाटतं, आणि लिहिणाऱ्यालाही.

पायरी १ : आपण काय काय ठोकून दिलंय ते आधी शोधा

खर्डा आणि पेन्सिल घेऊन बसा. जिथे जिथे 'असं म्हटलं की समोरचा असं वागतो' अशा अर्थाचं वाक्य आहे तिथे खूण करा. माझ्या १८० पानांत अशा ६४ खुणा निघाल्या. मला वाटत होतं वीस-एक निघतील.

मग प्रत्येक खुणेपुढे लिहा: हे खरं की खोटं, हे कोण सांगू शकेल? 'एचआरमधलं कोणीतरी' असं लिहू नका. 'रात्रपाळीत वॉर्ड सांभाळलेली सिस्टर', 'कारखान्यात शंभर माणसांच्या शॉपमध्ये शिफ्ट चालवलेला इनचार्ज', 'राजीनामे स्वीकारणारा आयटीतला मॅनेजर' इतकं नेमकं लिहा. मला पुढे जो काही उपयोग झाला तो या यादीचाच. मोठ्या हुद्द्याचा माणूस बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही. ज्या खोलीत तुमचं ते संभाषण घडतं त्या खोलीत स्वतः बसलेला माणूस लागतो, आणि तो शोधायचा तर आधी खोली कोणती ते माहीत हवं.

खुणांचे साधारण चार प्रकार पडतात. कायद्याच्या खुणा थोड्या असतात पण त्याच सगळ्यात धोक्याच्या. मी एका प्रकरणात लिहिलं होतं की कामगाराला कारणे दाखवा नोटीस दिल्यावर सुपरवायझरने त्याला चहाला नेऊन मोकळेपणी बोलावं. कामगार कायद्याची कामं करणाऱ्या एका वकिलीणबाईंनी त्यावर लाल पेनाने 'साक्षीदार कोण?' एवढंच लिहून पाठवलं. नोटीस निघाली की चौकशीची शक्यता सुरू होते, आणि चहाच्या टपरीवर कोण कोणाला काय बोललं हाही त्या चौकशीत वादाचा मुद्दा होऊ शकतो. ते अख्खं पान गेलं.

मनाच्या खुणा म्हणजे राग, भीती, अपमान यांबद्दल आपण जे सहज लिहून जातो ते. त्या समुपदेशकाला दाखवायच्या. भाषेच्या खुणांकडे पुढे येते. सगळ्यात जास्त असतात त्या जागेच्या, म्हणजे 'आमच्याकडे असं बोलत नाहीत' या जातीच्या. माझ्या एका प्रसंगात नर्स वॉर्डातल्या आयाबाईला नावाने हाक मारून काम सांगत होती. ठाण्यातल्या एका निवृत्त सिस्टरनी ते नाव खोडून 'मावशी' केलं आणि शेजारी लिहिलं, 'वॉर्डबॉय असेल तर मामा. नावाने हाक मारलीत तर बेडपॅन तुम्हालाच उचलावं लागेल.' मी हे हॉस्पिटलात पेशंट म्हणून शंभरदा ऐकलं होतं. लिहिताना आठवलं नाही, कारण लिहिताना मी हॉस्पिटलात नव्हते, प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये होते.

पायरी २ : माणसं कुठे सापडतात

या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्यापासून नेरुळपर्यंत गेलात तर एका बाजूला जुने कारखाने, मधेच त्यांच्या रिकाम्या जागा, आणि ऐरोली, घणसोली, महापे इथे काचेच्या इमारती. त्या इमारतींत निघायच्या आधी मेल टाकतात, आणि शेजारच्या शेडमध्ये भोंगा झाल्यावर गेटवर बोलतात. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून ही दोन्ही जगं एकाच डब्यात उभी असतात. बेलापूरला कोकण भवन आहे, तुर्भ्याला बाजार समिती आहे. कामाच्या जागचं बोलणं म्हणून जे जे काही असतं ते इथे पाऊण तासाच्या अंतरात मिळतं.

कारखान्यातल्या बोलण्यासाठी निवृत्त कामगार कल्याण अधिकारी शोधा. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागत असे, त्यामुळे या पट्ट्यात त्या पदावर आयुष्य काढलेली बरीच माणसं आहेत. आता ती नौपाड्यात, वाशीच्या जुन्या सेक्टरांत, नेरुळला राहतात आणि त्यांच्याकडे वेळ असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सरकारी आदेशाने वर्क्स कमिटी बसवायची सोय होती, म्हणजे मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी एका टेबलाशी. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मिळवा. एकाच बाजूचा मिळाला तर पुस्तक त्या बाजूचं होतं, आणि ते तुम्हाला स्वतःला दिसत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल एक ओळ जरी लिहिली असेल तरी २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीवरची बाहेरची सदस्य गाठा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती लागते, आणि तिच्यावर एक सदस्य बाहेरची लागते, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची माहिती असलेली. समितीचा आदेश कामाच्या जागी ठळक दिसेल असा लावायचा असतो, त्यामुळे ओळखीच्या कोणाच्याही ऑफिसातल्या सूचनाफलकावर अशी नावं दिसतात. या बायका एकाच वेळी अनेक कंपन्यांत बसतात. एका कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीपेक्षा त्यांनी जास्त खोल्या पाहिलेल्या असतात.

मनाच्या खुणांसाठी ठाण्यात फार हिंडावं लागत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, जिला सगळे आयपीएच म्हणतात, इथलीच. तिच्यामुळे समुपदेशन हा शब्द ठाण्यात घरगुती झाला आणि ते काम करणारी माणसं आसपास बरीच तयार झाली. थेट संस्थेला साकडं घालण्यापेक्षा स्वतंत्रपणे काम करणारं, कंपन्यांत जाऊन नोकरदारांशी बोलणारं कोणी ओळखीतून शोधलंत तर लवकर जमतं. अभ्यासकच हवा असेल तर वाशीचा खाडीपूल ओलांडला की देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, १९३६ पासूनची. मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कामगार संबंध हा तिथला जुना विषय. तिथल्या प्राध्यापकांना पुस्तक पाठवू नका, त्यांच्या टेबलावर प्रबंधांचे गठ्ठे असतात. तिथून शिकून गेलेला, आठ-दहा वर्षं नोकरी झालेला विद्यार्थी शोधा.

माझ्या यादीत नसलेला आणि सगळ्यात उपयोगी ठरलेला वाचक मला ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे त्याच ठाणे-वाशीच्या लोकलमध्ये मिळाला. ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये तो 'क्वालिटी'मध्ये होता. म्हणजे दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि गुण द्यायचे. बोलणं बिघडतं ते कोणत्या शब्दाला, हे या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकं मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. माझ्या एका संवादात मॅनेजर तीनदा 'मी समजू शकतो' म्हणतो. हा म्हणाला, "मॅडम, दुसऱ्यांदा म्हटलं की कस्टमर ओरडतो. पहिल्यांदा खरं वाटतं, दुसऱ्यांदा स्क्रिप्ट वाटतं." तुमच्या ओळखीत असं ऐकण्याच्या धंद्यातलं कोणी असेल, दुभाषी, फोनवर वसुली करणारे, तक्रार खिडकीवर बसलेले, तर त्यांना आधी गाठा. हुद्दा पाहू नका.

सरकारी ऑफिसबद्दल लिहिलं असेल तर अव्वल कारकून पदावरून निवृत्त झालेलं कोणी बघा. कोकण भवनातल्या अशा एका साहेबांनी माझं प्रकरण वाचून सांगितलं, "आमच्याकडे कोणी असं तोंडावर भांडत नाही. आम्ही टिपणीत भांडतो." मग त्यांनी 'फेरसादर', म्हणजे फाइल पुन्हा मांडा, या एका शब्दात किती राग मावतो ते अर्धा तास समजावलं.

ही माणसं हुडकायच्या जागा अगदी साध्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे वि. ल. भावे आणि वि. भा. पटवर्धन यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालं, नेमाने येणाऱ्यांत निवृत्त नोकरदार भरपूर. नवी मुंबईत ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं. वाशीच्या साहित्य मंदिरातल्या कार्यक्रमांनंतर चहाच्या वेळी. तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना मात्र फेऱ्या मारताना अडवू नका, मी अडवलं होतं.

पायरी ३ : कोणाला देऊ नये

तुम्ही ज्यांचे साहेब होतात त्यांना. जे प्रसंग तुम्ही नाव बदलून लिहिलेत त्यांतल्या पात्रांना. ज्यांची नोकरीवरून केस चालू आहे त्यांना, कारण ते तुमच्या प्रत्येक पानात आपली केस वाचतात. आणि नामवंतांना. नामवंतांकडून मलपृष्ठासाठी चार ओळी मिळतील, त्या वेगळ्या मागा. चुकलेल्या जागी फुल्या मारून देणं हे त्यांचं काम नाही आणि ते करतही नाहीत.

पायरी ४ : पहिला निरोप

शक्यतो मधल्या माणसाला विचारूनच नंबर घ्या आणि तसं निरोपात लिहा. मी सिस्टरना पाठवलेला निरोप जवळपास असा होता:

"नमस्कार सिस्टर. मी ठाण्यात राहते, बावीस वर्षं कंपनीत प्रशिक्षणाचं काम केलंय. कामाच्या जागी एकमेकांशी कसं बोलावं यावर मराठीत पुस्तक लिहितेय. तुमचा नंबर तुमच्या शेजारणीकडून घेतला, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. पुस्तकातलं बावीस पानांचं एक प्रकरण रात्रपाळीतल्या नर्स आणि डॉक्टरांच्या बोलण्यावर आहे. मी स्वतः वॉर्डात कधीच काम केलेलं नाही. तेवढं प्रकरण वाचून, 'असं कोणी बोलत नाही' असं वाटेल तिथे फुली माराल का? सुधारून द्यायची गरज नाही. दीडेक तास लागेल. तीन आठवड्यांत झालं तरी चालेल. नाही जमणार असं कळवलंत तरी काही वाटून घेणार नाही. छापील प्रत घरी आणून देईन."

यातलं सगळ्यात जास्त काम कोणतं वाक्य करतं, तर 'मी वॉर्डात कधीच काम केलेलं नाही'. आपल्या कामाबद्दल कोणी अडाणीपणे लिहिलंय असं कळलं की जाणकाराला ते बघितल्याशिवाय राहवत नाही. आधीच्या निरोपात मी माझ्या अनुभवाबद्दल पाच ओळी लिहायचे आणि उत्तरं यायची नाहीत.

हाक कशी मारायची हाही प्रश्न असतो. कारखान्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याला पहिल्या निरोपात 'काका' म्हणू नका. 'साहेब' म्हटलंत तर ते पुन्हा खुर्चीवर बसून वाचतात. युनियनवाल्यांना 'साहेब' म्हटलंत तर चिडतात, त्यांना 'भाऊ' चालतं. आयटीतली मुलं दुसऱ्याच मेसेजला 'मॅम, मला अरे म्हणा' म्हणतील. तोपर्यंत 'तुम्ही'च ठेवा.

पायरी ५ : काय पाठवायचं

सगळं पुस्तक पाठवू नका. मी हे तीनदा केलं आणि तिन्ही वेळा पहिल्या तीस पानांवर भरघोस शेरे आणि पुढे शुकशुकाट. ज्याचं त्याचं प्रकरण द्या, सोबत अनुक्रमणिका द्या. पुढचं वाचावंसं वाटलं तर माणूस स्वतः मागतो, आणि तो मागतो की नाही हाही एक शेराच.

साठीच्या पुढच्यांना कागदच द्या. अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा, उजवीकडे तीन बोटं समास, प्रत्येक पानावर तारीख आणि 'खर्डा दुसरा' असं. झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या म्हणजे पानं हरवत नाहीत. फोनवर वाचणाऱ्यांना पीडीएफ. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमध्ये टाइप केलेली फाइल तशीच पाठवलीत तर समोर नुसती रांगोळी उमटते. आणि बदल करता येतील अशी वर्ड फाइल चुकूनही नको. एका प्राध्यापकांनी माझे सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले, आतल्या मजकुराबद्दल एक अक्षर नाही. मराठी माणसाच्या हाती पेन आणि वेलांटी एकत्र आली की असंच होतं.

पायरी ६ : विचारायचं काय

'कसं वाटलं?' हे विचारलं की 'छान' येतं. त्यापेक्षा हे विचारा. कुठे हसू आलं, जिथे यायला नको होतं? या वाक्यावर तुमच्याकडचा माणूस पुढे काय म्हणाला असता? यातलं कोणतं वाक्य म्हटल्यामुळे प्रकरण आणखी चिघळेल? हे बोलणं तुमच्याकडे कुठे उभं राहून होतं? शेवटचा प्रश्न काकांच्या दारामुळे सुचला, आणि त्याला उत्तर मिळालं नाही असं एकदाही झालं नाही. मशीनपाशी, गेटपास भरताना, बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये. केबिन फार कमी वेळा.

बोलण्यावरच्या पुस्तकाला एक सोय आहे ती इतर पुस्तकांना नाही: ते दोघांनी मोठ्याने वाचून बघता येतं. जाणकाराला साहेबाचं बोलणं वाचायला द्या, तुम्ही हाताखालच्याचं वाचा. मग उलट करा. डोळ्यांनी वाचताना जे खटकत नाही ते जिभेला खटकतं. कॉल सेंटरच्या मुलाने असं वाचताना मधेच थांबून विचारलं, "हा साहेब पहिल्या ओळीत 'तू' म्हणतो आणि चौथ्या ओळीत 'आपण' कसा म्हणायला लागला?" माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग आम्ही सगळं प्रकरण फक्त तेवढ्यासाठी पुन्हा वाचलं. मराठीत 'तू'वरून 'तुम्ही'वर जाणं हा कधी राग असतो, कधी आदर, कधी नोटीस निघणार असल्याची वर्दी. 'आपण' तर त्याहून फसवं. 'आपण हे बदलू या' यात साहेबही येतो, आणि 'आपण उद्या येऊ नका' यात साहेब कुठेच नसतो. त्यात नवी मुंबईतल्या ऑफिसात निम्मं बोलणं हिंदीत, आकडे इंग्रजीत आणि फक्त चिडचिड मराठीत. ती सगळी मराठीत लिहायची तर कुठे 'तू' आणि कुठे 'तुम्ही' हे त्या त्या जागेच्या माणसालाच विचारावं लागतं.

भेटायला त्यांच्या घरी जा, किंवा वाचनालयात. मी एकांना मामलेदार मिसळीला बोलावलं होतं. मिसळ उत्तम झाली, पण नाक-डोळे पुसताना कागदावर काही लिहिता येत नाही.

पायरी ७ : नावं, कायदा आणि तोंड बंद ठेवणं

इथे घाई करू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, आरोप असलेली व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीत काय घडलं, हे प्रसिद्ध करायला मनाई आहे. न्याय मिळाला एवढं सांगता येतं, तेही कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने. त्यामुळे समितीच्या सदस्येला 'एखादी खरी केस सांगा ना' असं विचारायचंच नाही. त्या सांगणार नाहीत, आणि सांगू लागल्या तर तुम्हीच थांबवा. तुमचा काल्पनिक प्रसंग पुढे ठेवा आणि तो पटतो का तेवढं विचारा.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बदनामी एकट्या माणसाचीच होते असं नाही, कंपनीची किंवा माणसांच्या समूहाचीही होऊ शकते, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. महाप्यातली निळ्या काचेची औषध कंपनी असं लिहिलंत तर अर्ध्या लोकलला कळतं. मी गाव बदललं, धंदा बदलला आणि दोन प्रसंगांत पुरुष साहेबाच्या जागी बाई साहेब आणली. त्यातला एक प्रसंग त्यामुळे मुळापेक्षा बरा झाला.

उलट बाजूची काळजीही घ्या. तुमचा वाचक अजून नोकरीत असेल तर त्याच्या कंपनीच्या गुप्ततेच्या कागदांवर त्याची सही असते. त्याला कंपनीचे फॉर्म, मेल, अप्रेझलचे नमुने मागू नका.

खर्डा चोरीला जाईल ही भीती नवख्यांना फार असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबर हक्क तुमचा, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. स्टॅम्पपेपरवर सही मागितलीत तर निवृत्त कल्याण अधिकारी तुम्हालाच नोटीस काढतील. 'कृपया पुढे पाठवू नये' एवढी ओळ आणि तारीख असलेला मेल पुरतो.

पायरी ८ : वेळ आणि पैसे

बँकवाल्यांना मार्चमध्ये विचारू नका. कंपनीतल्यांना अप्रेझलच्या दिवसांत नको, तेव्हा ते स्वतःच तुमच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण जगत असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा पंधरवडा सोडा, निम्मं ठाणं कोकणात असतं. मला जुलै सगळ्यात चांगला गेला. पाऊस असतो आणि माणसं घरी असतात.

वकील, समुपदेशक, समितीच्या सदस्या यांचा हा व्यवसाय आहे. 'मानधन किती द्यावं लागेल?' असं पहिल्याच बोलण्यात विचारा. बरेच जण एका प्रकरणासाठी घेत नाहीत, पण विचारलेलं लक्षात ठेवतात. निवृत्तांना पैसे देऊ केलेत तर दुखावतात. पुस्तकाची प्रत आणि ऋणनिर्देशात नाव पुरतं. नाव घालण्याआधी विचारा. माझ्या दोघांनी 'नाव नको' सांगितलं, एकाने जुन्या कंपनीमुळे आणि एकाने बायकोमुळे. दुसऱ्याचं कारण मी विचारलं नाही.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. मग सोडून द्या. मी विचारलेल्या २६ पैकी १४ जणांनी वाचलं, हे मला पुष्कळ वाटतं.

पायरी ९ : आलेल्या फुल्यांचं काय करायचं

एक शंभरपानी वही करा. पान, शेरा, कोणाचा, काय ठरवलं. कायद्याची चूक एकाने दाखवली तरी पुन्हा तपासून दुरुस्त करा. 'हे वाक्य मला आवडलं नाही' असं असेल तर दुसरा कोणी तेच म्हणेपर्यंत थांबा.

खरी मजा दोन जाणकार एकमेकांविरुद्ध बोलतात तेव्हा येते. राजीनाम्याच्या प्रकरणावर काकांचा शेरा होता: 'आधी पत्र, पोच घ्या, मग बोला.' ऐरोलीच्या एका टीम लीडचा त्याच पानावर शेरा: 'आधी मॅनेजरला तोंडी सांगा, मेल थेट आला तर तो रिलीव्हिंगला, म्हणजे नोकरीतून मोकळं करताना छळेल.' मी आठवडाभर कोण बरोबर ते ठरवत बसले. शेवटी दोघांना एकत्र चहाला बोलावलं. काकांच्या कारखान्यात तोंडी दिलेला राजीनामा 'मी असं म्हणालोच नाही' म्हणून फिरवला जायचा, म्हणून पोच महत्त्वाची. टीम लीडच्या कंपनीत मेल कुठेच हरवत नाही, तिथे हरवते ती मॅनेजरची मर्जी. दोघं आपापल्या खोलीत बरोबर होते. त्या प्रकरणाचे मी दोन भाग केले आणि पुस्तक सहा पानांनी वाढलं. त्या चहाच्या दीड तासात काका त्याला 'अरे' म्हणायला लागले होते आणि तो काकांना पैसे भरून नोटीस पिरियड विकत कसा घेतात ते समजावत होता. काकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

दुरुस्त्या झाल्यावर प्रत्येकाला त्याच्या शेऱ्यांपैकी काय घेतलं आणि काय नाही ते एका पानावर लिहून द्या. नाही घेतलं त्याचं कारणही. सिस्टरनी ते पान वाचून पाच नव्या फुल्या मारून परत पाठवलं. त्यातल्या चार मी घेतल्या.

केबिनचं दार आता माझ्या पुस्तकात उघडं आहे. काकांना ते पान दाखवलं तर म्हणाले, "ठीक. पण पंखा बंद करायला लावा. शॉपमधल्या माणसाला पंख्याखाली बसवून तुम्ही काही सांगायला लागलात की त्याला वाटतं, काढून टाकतायत."